फाटकापाशी थांबलेली

"...रोज पाचचे सूर वाजले की ती पोर जायला निघते म्हणे, आणि बाप तिला..."

ओनोएबाईंचं वाक्य तिथंच तुटलं. कचऱ्याची गाडी आपली गोड चाल वाजवत वळणावर आली आणि दोघी बायका पिशव्या उचलायच्या निमित्ताने गप्प झाल्या. खरं कारण गाडी नव्हती. कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून घातलेली निळी जाळी उचलून धरायला किनुए सुगिहारा मागून येऊन उभी राहिली होती, हे त्यांना तेव्हा दिसलं.

"कोणती पोर?" किनुएने विचारलं.

"काही नाही गं. सिरियलमधली."

किनुए ओसाकाच्या उत्तरेकडच्या त्या जुन्या वसाहतीत चौथ्या जिन्याला, तिसऱ्या मजल्यावर तीनशे तीनमध्ये राहायची. वय छप्पन्न, नवरा जाऊन सोळा वर्षं झालेली, सकाळी टोफूच्या दुकानात काम आणि दुपारनंतर मोकळी. दुसऱ्याच्या घरात डोकावायची तिला खोड होती, हे तिला स्वतःलाही मान्य होतं. "मी डोकावते," ती म्हणायची, "म्हणूनच आपल्या जिन्यावर कोणी आठवडाभर मरून पडलेलं सापडत नाही." ओनोएबाई राहायच्या दोनशे चारमध्ये. त्यांच्या डोक्यावर तीनशे चार. आणि तीनशे चारमध्ये बाप आणि पोर अशी एकच जोडी होती, तीही मार्चपर्यंतच.

पोरीचं नाव काझुने. सात वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली, तेव्हापासून शाळेतून आली की ती किनुएच्या स्वयंपाकघरात बसायची. किनुएला "मावशी" म्हणायची. मोठी झाली, नाचायला लागली, आणि मार्चमध्ये एका संध्याकाळी तालमीवरून परत येताना फलाटावर बसली ती उठली नाही. चोविसावं लागलं होतं. हृदयाचं काहीतरी जन्मापासून होतं आणि कुणाला ठाऊक नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी दुपारपर्यंत टोफूचं पाणी बदलताना किनुएच्या डोक्यात ते अर्धं वाक्य फिरत राहिलं. आणि बाप तिला... काय?

चार वाजून गेल्यावर तिने वसाहतीचं फिरतं पत्रक हातात घेतलं. एका फळीला अडकवलेला कागद, वाचून शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी द्यायचा. या खेपेला त्यात गवत कापण्याची तारीख होती. एरवी ती फळी तीनशे चारच्या मुठीला टांगून यायची. आज तिने सोबत वांग्याची भाजी घेतली आणि घंटा वाजवली.

बराच वेळ काही नाही. आतून नुसती पावलं. टक, टक, आणि मग शांत. टाचेच्या बुटांची पावलं, आणि ती घरात.

दार उघडलं. शिगेकी तोकुनागा, काझुनेचा बाप, दारात उभा होता. किनुएने त्याला महिनाभर नीट पाहिलं नव्हतं, आणि आता पाहिलं तर शर्टाच्या सैल पडलेल्या कॉलरमध्ये मान हलत होती.

"तोकुनागासान, पत्रक. आणि ही वांगी. जास्त झाली."

"तुमची वांगी नेहमी जास्तच होतात, सुगिहारासान."

"मग काय, मोजून करू? या असं म्हणणार आहात की दारातच शिक्का मारता?"

तो हसला नाही, पण बाजूला झाला.

खोलीत पडदे ओढलेले होते. उदबत्तीचा वास, न उघडलेल्या खोलीचा वास, आणि त्या दोन्हींखाली तापलेल्या यंत्राच्या धुळीचा एक कोरडा वास. कोपऱ्यात छोटं देवघर, त्यात काझुनेचा फोटो. बाकी सगळी खोली टीव्हीच्या मोठ्या पडद्याच्या उजेडात निळसर झालेली. बाहेर झाडांवर सिकाडा किडे कर्कश ओरडत होते, आणि आत जणू पाण्याखाली असावं तसं वाटत होतं.

तोकुनागाचं काम वसाहतीत सगळ्यांना अर्धवट ठाऊक होतं. तो एका साप्ताहिकासाठी व्हिडिओ गेम खेळून त्यांना गुण द्यायचा. प्रत्येक गेम चार जण खेळायचे. एकमेकांचं मत न बघता प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या आणि दहापैकी एक आकडा द्यायचा. "शाळामास्तरच की," किनुए एकदा म्हणाली होती, "फक्त विद्यार्थी तुम्हाला मारायला धावतात."

पडद्यावर एक शहर होतं, गुडघाभर पाण्यात बुडालेलं. उंच इमारतींवरचे गुलाबी, हिरवे दिवे त्या पाण्यात लांब लांब पडले होते. वर आकाशात अर्धा मोडलेला पूल, थेट चंद्राकडे गेलेला. आणि मधोमध एक मोठं लोखंडी फाटक, त्याच्यासमोर पाठमोरी उभी एक बाई. लांब काळा कोट, आतून लाल अस्तर, हातात दिव्याच्या नळीसारखी चमकणारी बारीक तलवार, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट.

"झकपक आहे," किनुए म्हणाली. "पण हा कोट धुतं कोण?"

"सगळे झकपकच म्हणणार." तो खाली बसला. पुढ्यात वही होती, बारीक अक्षरांनी भरलेली. "नाव 'राखाडी भरती'. माणसं चंद्रावर निघून गेल्यानंतरचं शहर. मारामारी, आणि मारामारीतून हळूहळू वाढत जाणारी ताकद, या जातीचा गेम. बटण दाबल्यापासून घाव बसेपर्यंत पापणी लवेल इतकाच वेळ जातो, हात सुखावतो. पाण्यावरचे दिवे सुरेख, पण त्यांच्या नादात वाट हरवते. गोष्ट पहिल्या निम्म्यात कोरडी. खलनायक फार बोलतो. संगीत..." तो थांबला. "चाल मात्र... चालीबद्दल मला लिहिता येत नाहीये."

किनुए पडद्याकडे बघत होती. उभ्या असलेल्या बाईला कंटाळा आला असावा. तिने अंगाचा भार डाव्या पायावर टाकला, मान एका बाजूला वाकवली, आणि उजव्या बुटाच्या टोकाने पाण्यात एक छोटं वर्तुळ काढलं. मग ते टोकानेच पुसलं.

किनुएच्या हातातली वांग्याची वाटी तिरकी झाली.

नूडल्सचं पाणी उकळायची वाट बघत ती पोर अशीच उभी राहायची. अगदी अशीच. किनुएच्या स्वयंपाकघरातल्या लाकडी जमिनीवर.

"तोकुनागासान... ही तर..."

"हो." तो अगदी हळू म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी एका स्टुडिओत तिने काम केलं होतं. अंगाला ठिपके चिकटवून नाचायचं, धावायचं, पडायचं. ते यंत्रात उतरवतात आणि चित्राच्या बाईला देतात. कोणता गेम हे तिला सांगायची परवानगी नव्हती. मलासुद्धा नाही. पाकीट फोडलं, खेळायला लागलो, आणि पहिल्या जिन्यावरून ती उतरली तेव्हा कळलं."

"चेहरा तिचा नाही."

"चेहरा कोणाचाच नाही. बाकी सगळं तिचं आहे."

किनुएने वाटी खाली ठेवली आणि देवघरापुढे बसून उदबत्ती लावली. तिला दुसरं काही सुचलं नाही. मग ती वळून म्हणाली, "खाली ओनोएबाई काहीबाही बोलतात. तुम्ही तिला अडवता म्हणे."

"अडवतोच." त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "या फाटकाच्या पलीकडे गेम संपतो. ती चंद्राकडे निघून जाते, आणि आतापर्यंतचं साठवलेलं सगळं आपोआप पुसलं जातं. करणाऱ्यांची तशी हौस. शेवट बघितल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत असा आमचा नियम आहे. दहा दिवस झाले, मी तिला इथं उभी केली आहे. यंत्र बंद करायचाही धीर होत नाही."

"पुन्हा पहिल्यापासून खेळता येईल ना?"

"येईल. ती कोऱ्या पाटीची असेल. ही नसेल."

"म्हणजे?"

त्याने वही उलटून एक पान दाखवलं. "नुसतं उभं असताना ती सहा गोष्टी करते. पायाने वर्तुळ, मान वाकवणं, बाही ओढणं, जागच्या जागी टाचा आपटणं, अशा. सहाच नोंदवून ठेवलेल्या असतात, त्याच आलटून पालटून येतात. मोजणं माझं कामच आहे. तीन आठवडे मी सहाच मोजल्या." त्याने घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं कमी होती. "बसा. घाबरू नका."

ज्याला घाबरू नका म्हणतात त्याला भिण्यावाचून गत्यंतर नसतं. किनुए बसली आणि तिने पदर असल्यासारखा ॲप्रनचा कोपरा मुठीत धरला.

बाहेर खांबावरच्या कर्ण्याने घसा खाकरला आणि पाचचे सूर सुरू झाले. ओसाकात सगळीकडे वाजतात तसे, हळवे, जरा बेसूर. मुलांनो, खेळ पुरे, घरी जा. त्या सुरांवर किनुएचं बालपण गेलं, काझुनेचंही.

पडद्यावरच्या बाईने मान वर केली.

गेममधल्या शहरात काही वाजत नव्हतं. तिथं फक्त पाणी हलत होतं. पण तिने मान वर केली, एखादं मूल खेळता खेळता कान देतं तशी, आणि तलवार हळूच कमरेला लावली. मग एक पाऊल टाकलं. टक. आणि दुसरं. टक. तोकुनागाच्या हातात गेमची बटणं असलेला नियंत्रक नव्हता, नियंत्रक खाली चटईवर पडला होता.

"अजून नको," तोकुनागा पुटपुटला. "थांब ना. जरा वेळ."

सूर संपले. बाई थांबली. मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली.

बाहेरचे सिकाडा मधेच गप्प झाले होते.

"हे सातवं," तो म्हणाला. "दहा दिवसांपासून. रोज दोनच पावलं."

किनुए भीतीहून जास्त दुसऱ्याच गोष्टीने कासावीस झाली होती. ती म्हणाली, "तोकुनागासान, पाचला मुलं घरी जातात. तिला जायचंय. आणि तुम्ही..."

"माहीत आहे."

"किती दिवस जेवला नाहीत?"

"जेवतो."

"कप नूडल्सला जेवण म्हणू नका, माझ्यासमोर तरी. बरं, साप्ताहिकाचं काय?"

तिने खोदून खोदून काढलं, त्यात ती पटाईत होती. एप्रिलपासून दोन वेळा त्याने लेख दिलेच नव्हते. संपादकाने दया केली होती. हा गेम मोठा होता. शुक्रवारपर्यंत चार ओळी आणि आकडा आला नाही तर पानातली त्याची जागा दुसऱ्याकडे जाणार होती. तो दिवस बुधवार होता.

"पान गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला.

"पान गेलं की तुम्ही या खोलीतून उठणार नाही. मग एक दिवस मलाच दार फोडायला कोणाला तरी बोलवावं लागेल." तिचा आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "माझा नवरा गेला तेव्हा मी त्याचा दात घासायचा ब्रश सात वर्षं पेल्यात ठेवला होता. रोज पाणी बदलायचे. एक दिवस तुमच्याच पोरीने विचारलं, मावशी, काका याने दात घासतात का? नाही म्हटलं. मग ती म्हणाली, मग त्याला कंटाळा येत असेल."

तोकुनागाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"त्या ब्रशला म्हणाली ती," किनुए म्हणाली. "काकांना नव्हे."

त्याने वही मिटली.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या पाचला. तुम्ही याल?"

दुसऱ्या दिवशी किनुए साडेचारलाच गेली. ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, नेले होते, ते त्याने खाल्ले, आणि खाताना तिच्याकडे न बघता म्हणाला की यात खारवलेला प्लम जास्त आहे. हे ऐकून तिला जरा बरं वाटलं.

त्याने देवघरासमोर घंटी वाजवली. नियंत्रक उचलून मांडीवर घेतला. सूर सुरू झाले, बाईने मान वर केली, तलवार लावली, आणि या वेळी तो काही बोलला नाही. त्याचे अंगठे फक्त एकदा हलले. फाटक उघडलं.

पलीकडे नुसता उजेड होता. पांढरा, डोळ्यांना दुखेल असा. ती चालत गेली. टक, टक, टक. प्रत्येक पावलाला पाण्यावर एक वलय. किनुएने बापाकडे बघितलं नाही, बघवलं नसतं. ती मोजत राहिली, अकरा, बारा. मग उजेड इतका वाढला की सबंध खोली पांढरी झाली. देवघर, फोटो, वहीवरचं अक्षर, काही दिसेना. ओल्या जमिनीचा वास आला. पडद्यातून वास कसा येणार, पण आला.

उजेड ओसरला तेव्हा पडद्यावर उघडं फाटक होतं आणि त्याच्यासमोर कोरड्या दगडावर बुटांची जोडी. शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवलेली. टोकं फाटकाकडे.

मग काळोख. मग पांढऱ्या अक्षरात, साठवलेलं काही नाही.

"गेली," तोकुनागा म्हणाला. "बूटसुद्धा इथंच ठेवून गेली. पाय मोकळे करून." आणि तो रडायला लागला. मार्चमध्ये, स्मशानातसुद्धा, तो रडला नव्हता. जिन्यावरच्या सगळ्या बायकांनी ते बघितलं होतं आणि त्यावर बोलल्याही होत्या. किनुएने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मेलेल्या माणसाला बुटाचं काय काम, असं तिच्या मनात आलं, आणि तिलाही रडू फुटलं.

शुक्रवारी त्याने लेख पाठवला. तीन आठवड्यांनी साप्ताहिकाचा तो अंक आला तेव्हा किनुएने आयुष्यात पहिल्यांदा ते विकत घेतलं, दुकानदाराने दोनदा विचारलं, "तुम्हालाच हवंय ना?" त्या पानावर चार चौकटी होत्या. तिघांचे आकडे नऊ, आठ, नऊ. चौथ्या चौकटीत आकड्याच्या जागी आडवी रेघ. खाली लिहिलं होतं:

"तलवार हातात चांगली बसते. शहर सुंदर आहे, त्यात वाट चुकते. गोष्ट उशिरा पकडते, पण पकडली की सोडत नाही. नायिकेची चाल माझ्या मुलीची आहे, म्हणून मी गुण देणार नाही. मला विचाराल तर जिने उतरताना बघा."

संपादकाने ते जसंच्या तसं छापलं होतं. जागा तोकुनागाकडेच राहिली. तो खिडक्या उघडायला लागला, गवत कापायला आला, शिंकला, सगळ्यांबरोबर थंड बार्लीचा चहा प्यायला. ओनोएबाईंनी किनुएच्या कानाशी विचारलं, "सोडलं का शेवटी त्याने तिला?" किनुए म्हणाली, "सोडलं. आता त्याबद्दल एक शब्द बोललात तर तुमच्या सुनेने काय काय सांगितलंय ते मी जिनाभर सांगेन." ओनोएबाई गप्प बसल्या.

ओबोन आला, पितरांचे दिवस. काझुनेचा तो पहिलाच, म्हणून बाल्कनीत पांढरा कंदील लागला, तिला घर सापडावं म्हणून. तेराव्या तारखेला दुपारी स्टुडिओतून एक बाई उदबत्ती लावायला आली. हिसाका तिचं नाव, चाळिशीची, काळ्या कपड्यांत घामाघूम झालेली. काझुनेच्या हालचाली यंत्रात उतरवून घेणारी तीच. किनुए अर्थातच तिथं होती. तोकुनागा पाहुणीसाठी काही गार आणायला खाली दुकानात गेला आणि दोघी बायका देवघरासमोर राहिल्या.

"फार मन लावून करायची," हिसाका म्हणाली. "शेवटचं चालणं एका दमात दिलं तिने. बारा पावलं. मला दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाही."

"हो, बारा," किनुए म्हणाली. "मी मोजली. आणि मग ते बूट काढणं. ते तर अगदी तिचंच."

हिसाकाने वाऱ्यासाठी घेतलेला पंखा थांबवला. "बूट?"

"शेवटी नाही का? फाटकापाशी बूट काढून ठेवते ती."

"सुगिहारासान ना तुम्ही?" हिसाका जरा हसली, मोठ्या माणसाची चूक सुधारताना हसतात तसं. "दुसरं काहीतरी बघितलं असेल तुम्ही. ते बूट निघतच नाहीत. आत पायच केलेले नाहीत आम्ही. गुडघ्याखाली नुसता बूट आहे."

तिने फोन काढला आणि शेवट दाखवला. फाटक उघडलं. बारा पावलं. बाई बुटांसकट उजेडात गेली, कोटाचं लाल अस्तर एकदा दिसलं, आणि फाटक तिच्यामागे जड आवाज करत बंद झालं. किनुएने पाहिलेलं फाटक शेवटपर्यंत उघडंच राहिलं होतं.

"सगळ्यांना असाच दिसतो हा?"

"सगळ्यांना. दुसरा शेवट बनवायला पैसे कुठं होते?"

किनुएला ती कोरड्या दगडावरची जोडी आठवत होती, स्वच्छ, आत्ता समोर असावी तशी. त्या संध्याकाळी ती रडत होती म्हणून विचार केला नव्हता. आता केला.

घराबाहेर पडताना कोणी बूट काढत नाही. बूट काढतो तो घरात शिरणारा. दाराशी काढतो, मग वळून जोडी जुळवतो, आणि टोकं दाराकडे करून ठेवतो, पुढल्या वेळी निघायला सोपं जावं म्हणून. ज्या दारातून आलो, त्याच दाराकडे टोकं. इथलं अडीच वर्षांचं पोरही एवढं शिकलेलं असतं. आणि ती टोकं फाटकाकडे होती. दार ते होतं. मग घर...

किनुएने हळूच खोलीकडे पाहिलं. टीव्हीचा पडदा बंद होता. टाटामीच्या चटईवर दुपारचं ऊन पडलं होतं.

पाचला घरी जा म्हणतात मुलांना. ती रोज दोन पावलं टाकत होती. त्या दोघांना वाटलं, फाटकाकडेच निघाली आहे.

तोकुनागा बर्फाच्या गोळ्यांचे कप घेऊन आला. हिसाकाने खाल्ला, वाकून नमस्कार केला आणि ती गेली. किनुए निघाली नाही. त्याला सांगावं की नाही, हे तिला ठरवता येईना. एवढ्या कष्टाने त्या माणसाने एक दार उघडलं होतं. ते उलटीकडून उघडलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"सुगिहारासान," तोच म्हणाला, कप धुता धुता, "तुमच्याकडे गिझर दुरुस्तीवाल्याचा नंबर आहे का?"

"का हो?"

"टबात पाणी कढत भरतो. झाकण घालून ठेवतो. जेवून शिरायला जावं तर कोमट. झाकण बाजूला, आणि पाणीही टीचभर कमी. चारेक आठवडे चाललंय." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "कोणीतरी आधी आंघोळ करून गेल्यासारखं."

इथं घरातलं एकेक माणूस एकामागून एक त्याच पाण्यात उतरतं, तशीच रीत. पहिल्याला कढत, शेवटच्याला कोमट. किनुएने विचारलं, "पूर्वी तुमच्याकडे आधी कोण करायचं?"

"तीच. तिला कढत लागायचं. मी मागून." तो कप पुसत राहिला. एकच कप, खूप वेळ. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे किनुएसारख्या बाईलाही त्याच्या पाठीवरून वाचता येईना.

"मग राहू दे," ती म्हणाली. "गिझरवाले उगाच पैसे काढतात."

"हो ना. मलाही तेच वाटतं."

सोळाव्या तारखेला पितरांना निरोप द्यायचा अग्नी सगळ्यांनी पेटवला. तोकुनागाने पेटवला नाही. काडेपेटी दमट झाली म्हणाला. किनुएच्या घरात तीन काडेपेट्या होत्या, तिने एकही नेऊन दिली नाही. मेलेल्याला अडकवून ठेवलं असं त्या अर्ध्या वाक्यात म्हणायचं होतं, ते खरंच होतं. जायला निघते, एवढं मात्र कुणीतरी खालून नुसतं ऐकून ठरवलेलं होतं; ती निघत होती ती घरी यायला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ओनोएबाई जिन्यात भेटल्या. धमकी लक्षात होती, म्हणून आधी इकडे तिकडे बघून घेतलं.

"बोलू नको म्हणालीस, पण सांगते. पावलं थांबली गं वरची. अगदी त्या दिवसापासून."

"बरं झालं की."

"हो. आता पाण्याचा आवाज येतो फक्त. माझ्या न्हाणीघरातून वरचं सगळं ऐकू येतं, माहीत आहे ना, अंगावर पाणी घेतलेलं, टबात उतरलेलं. आधी एकदा हलकं. कोणी सडपातळ असावं तसं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मग त्याचं. त्याचं मला ओळखू येतं, खोकतो तो."

किनुएला ते नवं नव्हतं. ती वर जायला वळली.

"आणि मग," ओनोएबाई मागून म्हणाल्या, "तो निजल्यावर... दिवा बंद झाल्यावर... आणखी एकदा. ते फार जड आहे गं किनुए. ते कोण?"